नोटरीचा चष्मा आणि नियम नववा

माणसाने खुशाल नियम करावेत, पण ज्या गावात आपल्याला मरेपर्यंत राहायचे आहे त्या गावासाठी करू नयेत. हे शहाणपण मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी आले, आणि तेही चारशे माणसांसमोर.

आमच्या रोक्कामिर्तो गावात दर जूनमध्ये तीन दिवस सन १४८६ चालू असते. त्या साली गडाच्या धन्याची मुलगी व्हिओलान्ते हिचे लग्न झाले, आणि ते लग्न आम्ही दरवर्षी नव्याने लावतो. गावाच्या चार आळ्या, प्रत्येक आळीची स्वतःची वाजंत्री आणि स्वतःचा नाच. शेवटच्या संध्याकाळी चौकात चारी नाचांना गुण मिळतात. या तीन दिवसांत गावात कुणी टोमॅटो खात नाही, कारण तो तेव्हा समुद्रापलीकडून यायचा होता. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उठला असेल तर लोक अक्रोडाच्या सालीचा रस चोळून तो झाकतात. बाहेरच्यांना हे वेड वाटते. वाटू दे.

या वेडाचे तेव्हा चौसष्ट नियम होते आणि ते चौसष्टच्या चौसष्ट मी केलेले. सकाळी शाळेत लॅटिन शिकवायचे आणि दुपारी नगरपालिकेचा जुना दप्तरखाना सांभाळायचा, असे माझे आयुष्य गेले. लोकांशी बोलायला मला जमत नाही. नियम लिहायला जमतात. त्यातला नववा मला विशेष प्रिय होता. 'अंगावर, दृश्य वा अदृश्य, त्या काळानंतरची कोणतीही वस्तू नसावी.' 'अदृश्य' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. कुंभार आळीच्या एका सरदाराने तुमानीत रेडिओ लपवला होता आणि ऐन मेजवानीत, धर्मगुरू आशीर्वाद देत असताना, 'गोऽल!' म्हणून आरोळी ठोकली होती. तो शब्द घातला त्या रात्री मला समाधानाने झोप लागली नव्हती.

तर, लग्नाला तीन आठवडे राहिले असताना आमच्या विहीर आळीचा बेर्नाबो चेरीच्या झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. बेर्नाबो आमच्या नाचातला सहावा पुरुष. नियम एक्केचाळीस सांगतो की सहा जोडपी नसतील तर त्या आळीला नाचता येणार नाही, आणि जी आळी नाचणार नाही ती तीन वर्षे बाहेर. आमची आळी गावात सगळ्यांत लहान. त्यात अर्धी घरे कुलूपबंद. तीन वर्षे बाहेर बसलो असतो तर तरुण पोरे मनोरा आळीत गेली असती, वाद्ये विकायला निघाली असती आणि विहीर आळी हे नाव फक्त पोस्टमनच्या कामाचे उरले असते.

त्या संध्याकाळी आळीचा प्रमुख ओर्तेन्झिओ खाटीक आणि नाच शिकवणाऱ्या जेल्त्रूदेबाई माझ्या दारात उभे राहिले. जेल्त्रूदेबाई चाळीस वर्षे सुईण होत्या. 'जोर लावा' हे त्या आजही ज्या आवाजात म्हणतात, त्याने माणूस आपोआप काहीतरी करतो.

"मास्तर," ओर्तेन्झिओ म्हणाला, "नाचात किंवा वाजंत्रीत नाहीत असे धडधाकट पुरुष आळीत तीनच उरलेत. एक धर्मगुरू. त्यांना नाचता येत नाही."

"येतं," जेल्त्रूदेबाई म्हणाल्या. "चालत नाही."

"दुसरा मी. मी नाचलो तर चौकाची फरशी नगरपालिकेला पुन्हा बसवावी लागेल."

"आणि तिसरा?" मी विचारले. मला खरोखरच अंदाज नव्हता. दोघे माझ्याकडे नुसते बघत राहिले.

मी सांगून पाहिले. मी आयुष्यात नाचलेलो नाही, भाचीच्या लग्नात नाच सुरू झाला तेव्हा कोटांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो होतो, असे सगळे सांगितले.

"ठाऊक आहे," जेल्त्रूदेबाई म्हणाल्या. "तुमच्या अंगावर लोकांनी कोट टाकले होते. उद्या सात वाजता, तेलाच्या घाण्यात. तुमची जोडीदार ओंदिना."

ओंदिनाबाई म्हणजे आमच्या कोपऱ्यावरची बेकरी. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली. मी रोज सकाळी त्यांच्याकडून एक पाव घेतो आणि 'एक पाव' एवढे म्हणतो. वीस वर्षांत संभाषण त्यापुढे गेलेले नव्हते, आणि आता त्यांचा हात धरून गावापुढे उड्या मारायच्या होत्या.

तालमीला गेलो. नाच तसा सोपा आहे असे पुस्तकात लिहिलेले असते. आधी संथ नाच, त्यात पाय जमिनीवरून हंसासारखे सरकवायचे. मग ढोल बदलतो आणि उड्यांचा नाच सुरू होतो. या नाचावर मी दोन लेख लिहिले होते. लेखात माझे पाऊल कुठेही चुकलेले नाही. मी सुरुवातीचे नमन केले, पाच पावले टाकली, आणि जेल्त्रूदेबाई ओरडल्या, "थांबा! मास्तर, चष्मा!"

मी नाकाला हात लावला. चष्मा होता. तोच तर घोटाळा होता.

"नियम नववा," वाजंत्रीतून कुणीतरी पुटपुटले.

माझा नंबर उणे साडेसात. चष्म्याशिवाय मला जग आहे एवढे कळते. कुठे आहे ते कळत नाही. तरी आळीसाठी चष्मा काढून नाचलो. पहिल्या फेरीत मी मोठ्या अदबीने वाकून नमस्कार केला तो तेलाच्या पिंपाला. दुसऱ्या फेरीत जोडीदाराचा हात धरला आणि तो जरा केसाळ वाटला, पण म्हटले, बेकरीचे काम कष्टाचे असते. तो धर्मगुरूंचा हात होता; ते बिचारे फक्त बघायला आले होते.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आमच्या गावात सल्ल्याला पावती लागत नाही. समोरच्या बाईंनी कच्च्या गाजरांची परडी पाठवली. खालच्या मजल्यावरचे, काठी टेकत चालणारे निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, "पावलं मोजा. मी डोळे मिटून एकोणीस डबे मोजायचो." केस कापणारा म्हणाला, "मोतीबिंदू काढून घ्या, त्याच वेळी नंबरही जातो." मला मोतीबिंदू नाही असे म्हणताच तो म्हणाला, "वाट कसली बघताय?" ओर्तेन्झिओने डोळ्यांत बसवायच्या भिंगांची जोडी आणवली. एक भिंग बसवताना माझ्या मसुराच्या सुपात पडले, आणि दुसरे बसल्यावर मला आठवले की 'अदृश्य' हा शब्द कुणी घातला होता ते. मी ते काढले. ओर्तेन्झिओ म्हणाला, "मास्तर, डोळ्याच्या आत कोण बघायला येणार आहे?" मी म्हणालो, "मी." हे उत्तर मला त्या वेळी फार बाणेदार वाटले. सूप मात्र टाकून द्यावे लागले.

ओंदिनाबाईंचा सल्ला वेगळा होता. त्या रोज बडीशेपेची बिस्किटे भाजतात. त्या म्हणाल्या, "मास्तर, मी खिशात मूठभर बडीशेप घालून येते. वासामागे या." हे चांगले जमले. दोन दिवस मी कुत्र्यासारखा बिनचूक नाचलो. तिसऱ्या दिवशी वाजंत्रीतल्या बासरीवाल्याने बिस्किटांची पिशवी उघडली आणि मी संथ पावलांनी, मान ताठ ठेवून, त्याच्या मांडीवर जाऊन बसलो.

शेवटी एकच मार्ग राहिला. चष्मे १४८६ साली होतेच. दोन गोल भिंगे, मध्ये एक खिळा, आणि ते नाकाला चिमट्यासारखे लावायचे. पण नियम बाराप्रमाणे कोणतीही वस्तू चालण्यासाठी तिचा पुरावा आमच्याच गावच्या दप्तरात सापडायला हवा, लग्नाच्या आगेमागे वीस वर्षांतला. शिवाय वस्तू ज्या कामासाठी वापरायची त्याच कामाचा पुरावा हवा. म्हणजे वाचतानाचा चष्मा सापडून उपयोग नाही. चष्मा लावून नाचणारा माणूस सापडायला हवा. हा नियम करताना मी स्वतःच्या काटेकोरपणावर इतका खूश झालो होतो की त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी दप्तरखान्यात गेलो. तिथे आता तोस्का नावाची मुलगी असते. हुशार आहे, माझीच विद्यार्थिनी. तिने हसून माझ्यापुढे फॉर्म ठेवला.

"तोस्का, अगं मी सदतीस वर्षं इथे बसत होतो."

"हो ना मास्तर. म्हणूनच ही शेवटची ओळ वाचा."

शेवटची ओळ होती: 'निवृत्त कर्मचाऱ्यांस कोणतीही सवलत नाही.' माझ्या आधीचे कारकून निवृत्त झाल्यावर तिथे येऊन डबा खायचे, म्हणून ती मी घातली होती. मी ओळखपत्र आणले, दोन फोटो आणले, तीन दिवसांनंतरची वेळ घेतली आणि ज्या खुर्चीत माझा खड्डा पडला आहे तिच्या समोरच्या खुर्चीत पाहुणा म्हणून बसलो.

नऊ दिवस शोधले. चष्मे गहाण ठेवल्याचे कागद सापडले, चष्मा चोरल्याचा खटला सापडला, पण नाच नाही. दहाव्या दिवशी, लग्नाला फक्त पाच दिवस राहिले असताना, नवरीच्या मावशीने आपल्या बहिणीला लिहिलेले एक पत्र हाती आले. पहिल्या पानाच्या तळाशी लिहिले होते: 'आणि म्हातारा नोटरी बाल्दुच्चो नाकावर चष्मा लावून तरुणांबरोबर नाचला.'

मी ओरडलो. दप्तरखान्यात ओरडण्याबद्दलचा नियमही माझाच आहे. तोस्काने बोट ओठांवर ठेवले. मी त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि तसाच धावत बाहेर पडलो.

पुराव्यांच्या समितीचा प्रमुख फुल्जेंझिओ, मनोरा आळीचा. जमिनी मोजणे हा त्याचा धंदा आहे आणि खिशात कायम टेप असते. लग्नाच्या दिवसांत टेपऐवजी गाठी मारलेल्या दोरीने तो बायकांच्या झालरी मोजतो. शाळेत मी त्याला लॅटिनमध्ये तीनदा नापास केला होता. माणूस मात्र सरळ. आणि सरळ असल्यानेच त्याची भीती.

त्याने फोटो दोनदा पाहिला. मग जड मनाने शिक्का मारला. "चष्मा मंजूर. पण मास्तर, नोटरीनं केलं तेवढंच. एक इंच जास्त नाही."

"तुला माझ्यावर विश्वास नाही का?"

"नियमांवर आहे. तुम्हीच शिकवलंत."

चष्मा लोहाराने केला. तो नाकाला लावला की नाक बंद होते, आणि मी जे बोलतो ते सर्दी झालेल्या बदकासारखे ऐकू येते. पण दिसायला लागले. चार तालमींत माझी दोनच पावले चुकली. जेल्त्रूदेबाई म्हणाल्या, "बाळ आडवं आहे, पण जिवंत आहे." एवढी स्तुती त्यांनी कुणाची केलेली मी ऐकली नव्हती.

लग्नाची शेवटची संध्याकाळ आली. चौक भरलेला. वरच्या मेजावर गडाचा धनी झालेले नगराध्यक्ष, शेजारी नवरी. त्या वर्षी नवरी होती फुल्जेंझिओचीच मुलगी. डोक्यावर दीड हाताचा मुकुट, गळ्यापर्यंत मखमल, आणि नियम एकोणिसावा असा की नवरीने हसायचे नाही. तीन दिवस ती पोर मेणाच्या पुतळीसारखी बसली होती. मेजावर भाजलेले आख्खे डुक्कर, कणकेचे मनोरे, द्राक्षे, सुरया.

तंग विजारीत माझे पाय बगळ्यासारखे दिसत होते. ओंदिनाबाई म्हणाल्या, "मास्तर, घाबरलात?"

"हो," मी नाकातून म्हणालो.

"मीही. हात घट्ट धरा म्हणजे कोण थरथरतंय ते कळणार नाही."

संथ नाच उत्तम झाला. खरे सांगतो, मला तो आवडला. वीणा वाजत होती, बडीशेपेचा वास येत होता, आणि आपण लेखात जे लिहिले ते खरेच घडते हे पाहून मला स्वतःच्या लेखाबद्दलही प्रथमच आदर वाटला. मग ढोल बदलला. पहिली उडी. दुसरी उडी. तिसऱ्या उडीला मी वर गेलो, आणि चष्मा आणखी वर गेला.

मी खाली आलो. तो कुठे आला ते कळले नाही.

अशा वेळी संगीत थांबले असते तर कुणीतरी चष्मा उचलून दिला असता. पण नियम सतरा: 'काहीही झाले तरी वाजंत्री नाच संपेपर्यंत थांबणार नाही.' विहीर आळीची वाजंत्री आज्ञाधारक आहे. मी गुडघ्यांवर बसून चाचपडू लागलो. आळीला गुण जाऊ नयेत म्हणून तालावर चाचपडत होतो, एवढे माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पाच जोडपी माझ्यावरून उड्या मारत होती. रांगत रांगत मी पुढे गेलो, हाताला कापड लागले, त्याला धरून उठायला गेलो.

ते वरच्या मेजाचे कापड होते.

मला दिसले काहीच नाही, ऐकू सगळे आले. आधी सुरया गेल्या. मग कणकेचे मनोरे. मग एक जड, चिकट, आळसावलेला आवाज झाला, आणि नगराध्यक्ष म्हणाले, "अगं आई गं!" डुक्कर त्यांच्या मांडीवर बसले होते. आणि ढोलाच्या आवाजातही, वरच्या मेजाकडून, एक बारीक खिंकाळी आली. नवरी हसत होती. लोक नंतर सांगत, मुकुट वाकडा, डोळ्यांत पाणी, पोर थांबायलाच तयार नाही. मग सगळा चौक फुटला. वाजंत्री वाजतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत समिती बसली. ओर्तेन्झिओचा चेहरा बघवत नव्हता. मी रात्रभर राजीनामा लिहीत होतो. कशाचा द्यावा हे ठरत नव्हते, कारण मी कशातच नव्हतो.

फुल्जेंझिओने आरोप वाचले. "एक, नाच मोडला. दोन, मेजवानी पाडली. तीन, नवरीला हसवलं. तीन वर्षं बाहेर." त्याला आनंद झालेला दिसत नव्हता. "आणि मास्तर, तुम्ही चष्म्याच्या पुराव्याचा नुसता फोटो दिला होता. निकालाआधी मूळ कागद बघायला हवा. नियम चौदा."

"आणा," मी म्हणालो. फाशीच्या माणसाला दोरीची लांबी कशाला हवी?

तोस्काने पेटी आणली, पत्र काढले, आणि कपाळाला आठी घातली. "मास्तर, याला मागचं पानही आहे."

खोलीत कुणाला कळले नसेल, पण माझ्या आयुष्यात तेवढी लाज मला डुकरामुळेही वाटली नव्हती. चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आलो: पान उलटा. कधीही पान उलटल्याशिवाय उठू नका.

"तुम्ही वाचलं नाहीत?" फुल्जेंझिओने विचारले.

"नाही."

"तुम्ही?"

"मी," मी म्हणालो. "नापास कर मला."

त्याने पत्र माझ्याकडेच दिले, कारण ते अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नव्हते. मी वाचू लागलो, आणि दुसऱ्याच ओळीला माझा आवाज गेला.

"जोर लावा!" जेल्त्रूदेबाई दारातून ओरडल्या. आवाज परत आला.

"'उड्यांचा नाच सुरू होताच त्याचा चष्मा उडाला. तो शोधायला म्हातारा रांगत गेला, आणि उठताना त्याने मेजाचे कापड ओढले. भाजलेला मोर पिसाऱ्यासकट नवरीच्या बापाच्या मांडीवर जाऊन बसला. आणि आमची व्हिओलान्ते, जी पहाटेपासून रडत होती, ती हसली. ती हसली म्हणून सगळे हसले. ताई, माझ्या मते हे लग्न खरे तर तेव्हा लागले.'"

बाहेर झाडूवाला सुरयांचे तुकडे लोटत होता.

फुल्जेंझिओने टेप काढली, उगीच थोडी ओढली, परत जाऊ दिली. माणूस आतून लढत होता. मनोरा आळी एकीकडे, नियम बारा दुसरीकडे. "म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "इतकी वर्षं आपण लग्न चुकीचं लावत होतो."

"चुकीचंच," मी म्हणालो.

"आणि काल प्रथमच बरोबर लागलं." त्याने वहीत लिहिले. "विहीर आळी निर्दोष. मात्र दोन गुण कमी."

"का?" ओर्तेन्झिओ गरजला.

"मोर पाहिजे. डुक्कर होतं."

दोन गुण जाऊनही आम्ही तिसरे आलो, आणि विहीर आळी त्याआधीच्या अठरा वर्षांत तिसरीसुद्धा आलेली नव्हती. ओर्तेन्झिओने मला खांद्यावर घेतले. मी नको नको म्हणत होतो. त्या गडबडीत चष्मा पुन्हा पडला, त्यामुळे त्या उंचीवरून मला काहीच दिसत नव्हते.

त्याच बैठकीत पासष्टावा नियम झाला. तो मात्र मी केलेला नाही. 'विहीर आळीच्या नाचात चष्मा लावलेला एक वृद्ध तिसऱ्या उडीस पडेल. न पडल्यास पाच गुण कमी.' मग काय, वर्षभर मी घाण्यात पडायचा सराव केला. जेल्त्रूदेबाई म्हणायच्या, "डावा गुडघा आधी, मास्तर! नोटरी काय पोत्यासारखा पडला असेल?" कुंभार आळीने आम्हालाही पडायचा हक्क हवा म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला, पुरावा नव्हता. सल्लेही आले. स्टेशनमास्तर म्हणाले, "पडण्याआधी शिट्टी द्या." या सगळ्यात मी रोज सकाळी बेकरीत जात होतो, आणि संभाषण 'एक पाव' याच्या बरेच पुढे गेले होते.

यंदाच्या जूनमध्ये पुन्हा चौक भरला. यंदा मेजावर मोर होता. नगराध्यक्षांनी मांडीवर आधीच चादर घेतली होती. संथ नाच झाला, ढोल बदलला. पहिली उडी, दुसरी उडी. तिसऱ्या उडीला मी वर गेलो, आणि चष्मा नाकावरच राहिला. समोर ओंदिनाबाई होत्या, कपाळावर घाम आणि पीठ, आणि त्या हसत होत्या. आणि मला सगळे स्वच्छ दिसत होते. मी खाली आलो तो दोन्ही पायांवर. चौथी उडी. पाचवी. चौक श्वास रोखून वाट बघत होता. फुल्जेंझिओने लेखणी उचलली. ओर्तेन्झिओने कपाळाला हात लावला.

ओंदिनाबाई कानाशी वाकून म्हणाल्या, "मास्तर, पडायचं राहिलं."

"राहू द्या," मी नाकातून म्हणालो, आणि सहावी उडी मारली.